पहिल्या पिस्टनचा माथा

कार्मेनच्या माउलीचा, म्हणजे मेरीमातेचा सण म्हणजे गाडीवाल्यांचा सण. त्या बुधवारी डोंगरवस्तीतल्या झाडून साऱ्या जीपगाड्या पहाटेच फुलं-पताका लावून, भोंगे वाजवत खाली गावात गेल्या होत्या. पाद्रीबाबा गाड्यांवर तीर्थ शिंपडणार, मग मिरवणूक, मग पंगती. दिवस कलायच्या आत एकही परतणार नव्हती. मागे राहिली होती ती एकट्या आर्सेसिओची जीप, अंगणात तोंड वासून, आणि तिच्या बॉनेटखाली कंबरेपर्यंत घुसलेला आर्सेसिओ.

घरात त्याची बायको ओतिलिया उशांच्या ढिगाला टेकून बसली होती. मूत्रपिंडं निकामी होऊन तिला वर्ष झालं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरातल्या इस्पितळात जाऊन यंत्रावर रक्त धुऊन घ्यायचं, असा नेम. रविवारी जीप बंद पडली आणि सोमवार चुकला. आता पाय गुडघ्यापर्यंत फुगले होते, आडवं झालं की श्वास अडकत होता. शेवटची पाळी चारला बसे आणि रस्ता अडीच तासांचा. खेचरावर न्यावं तर ती दहा पावलंही ताठ बसली नसती. पहाटे निघालेल्या गाड्यांपैकी एखादी थांबवता आली असती, पण तेव्हा आपली जीप तासाभरात सुरू होईल असंच त्याला वाटत होतं. वस्तीत फोन नव्हता. असता तरी मोडलेल्या पुलाशी ओढा ओलांडायचा तो जीपनंच, रुग्णवाहिकेचं ते काम नव्हतं. अकरा वाजून गेले होते.

खरं तर बिघाड लहानसा. चारी प्लगना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्याचा दांडा मोडला. आर्सेसिओनं दुसरा मिळवला. पण घाईघाईत जुना उपसताना तो कसा बसला होता याची खूण करायची राहिली, आणि इंजिनाच्या बाबतीत एवढी चूक पुरते. पहिला पिस्टन दाब घेऊन नेमका माथ्यावर येतो तेव्हाच ठिणगी पडायला हवी. तो माथा दाखवायला पुढच्या पुलीवर एक खाच असते. खाच इंजिनावरच्या काट्यासमोर आणायची, डिस्ट्रिब्युटर बसवायचा, पुढून हँडल मारून इंजिन चालू करायचं. त्यानं कालपासून हे एकवीस वेळा केलं होतं. बाविसाव्या वेळी हँडल उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटावर असं बसलं की डोळ्यांपुढे अंधारी आली.

तो चिखलात तसाच बसला. आत शेजारची उबाल्दिना, वस्ती जिला आदरानं दोन्या म्हणे, माउलीची कवनं गात होती. ऐंशीची म्हातारी, पण गळा असा की कडव्याकडव्याला ऐकणाऱ्याचं मन मऊ व्हावं. मध्येच थांबून ती देवीलाच समजावत होती, की माउली, तुझ्या सणाला आलेल्या गाड्यांचं कौतुक करून झालं असेल तर इकडंही एक नजर टाक. इथं एकजण तुझ्यासमोर हात जोडायलाही येऊ शकला नाही, त्याचे हात ग्रीसनं भरलेत. आर्सेसिओला ते ऐकवेना. तेवीस वर्षं त्यानं माउलीचा बिल्ला आरशाला टांगून गाडी हाकली होती. आज पहिल्यांदाच त्याच्या तोंडी प्रार्थना येईना. आली ती शिवी, आणि शिवीमागून रडू.

ओतिलियानं खिडकीतून सगळं पाहिलं. तिनं हाक मारली ती अगदी हळू. मोठ्यानं बोलायला श्वास पुरत नव्हता.

"अहो, ती पुली कुणाची?"

"कुणाची म्हणजे? आपल्या गाडीची."

"आपल्या गाडीत आपलं आहे काय? इंजिन टॅक्सीचं, दारं कुणाची देव जाणे." ती श्वास घ्यायला थांबली. "भाची यानेथच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा झगा शिवत होते मी, तेव्हा तुम्ही बाउदिलिओच्या जळक्या ट्रकची पुली काढून आणलीत. झग्याला तेलाचा हात लावलात. दोन दिवस बोलले नव्हते मी तुमच्याशी."

आर्सेसिओनं वाकून पुली पाहिली. ट्रकची पुली, टॅक्सीचं इंजिन. बसली होती छान, पण तिच्यावरची खाच त्या ट्रकच्या पिस्टनचा माथा सांगत होती. तेव्हापासून डिस्ट्रिब्युटर कधी काढावाच लागला नाही, म्हणून नऊ वर्षं हे खोटं खपलं. दोन दिवस तो ज्या खुणेपुढे डोकं आपटत होता ती खूण त्यानं स्वतःच आणून लावली होती.

कळलं, पण कळून काय फायदा? आधी निदान चुकीची का होईना, खूण होती. आता काहीच नव्हतं. त्यानं पहिला प्लग काढून भोकातून ओतिलियाची विणायची लांब सुई पिस्टनवर टेकवली आणि हँडल हळू फिरवलं. सुई वर आली, आली, आणि थांबली. हँडल फिरतंय, सुई जागची हलत नाही. मग कधीतरी उतरू लागली. माथ्यावर पिस्टन असा रेंगाळतो की नेमका कुठं होता हे डोळ्यांना सांगता येत नाही. तीनदा केलं, तीन वेगळ्या जागा आल्या. साडेबारा झाले.

त्यानं तिला सरळ सांगून टाकलं, की माझ्यानं होत नाही, मला माफ कर.

"मला बाहेर न्या," ती म्हणाली. "खुर्चीसकट."

त्यानं आणि म्हातारीनं मिळून तिला इंजिनाशेजारी आणून बसवलं. ती सुईकडे बराच वेळ बघत राहिली. ओठ निळसर पडले होते. मग तिनं अंगातल्या झग्याच्या शिवणीतून लाल धागा ओढून काढला आणि सुईला मध्यावर बांधला.

"कापडाचा मध्य कुणी मध्यात शोधतं का हो? दोन्ही काठ जुळवायचे आणि घडी घालायची. धागा भोकाच्या तोंडाशी येईल तेव्हा मी सांगते. वर जाताना एकदा, खाली येताना एकदा."

बाकीचे प्लगही काढून त्यानं इंजिन हलकं केलं आणि हँडल धरलं. दोन्या उबाल्दिनानं गाणं थांबवून सुई सरळ धरली. ओतिलियाची नजर धाग्यावर. "थांबा," ती म्हणाली. त्यानं काट्यासमोर पुलीवर तिच्या शिंपीखडूनं रेघ ओढली. फिरवत राहिला. सुई वर गेली, रेंगाळली, उतरली. "थांबा." दुसरी रेघ. दोन्हींमध्ये तिची मोजपट्टी पुलीवर गोल बसवली, पट्टीची घडी घातली, घडीवर तिसरी रेघ. जुन्या खाचेपासून ती पुरती चार बोटं लांब निघाली.

मग सुई काढून म्हातारीनं भोकावर अंगठा दाबला आणि आर्सेसिओ पुन्हा हँडल फिरवू लागला. हवेनं तो बाजूला लोटला तेव्हा ती दचकून म्हणाली, "अगं बाई, फुंकर मारतोय!" पिस्टन एकदा दाब घेऊन वर येतो, एकदा रिकामाच; म्हणजे दाबाची फेरी हीच. आर्सेसिओनं तिसरी रेघ काट्यासमोर आणली, डिस्ट्रिब्युटर बसवला, प्लग लावले. पुन्हा ओतिलियाकडे पाहिलं तेव्हा तिची मान एका बाजूला कलली होती.

"ओतिलिया."

"आहे मी. तुम्ही मारा हँडल."

सुजलेल्या मनगटानं त्यानं हँडल मारलं. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा मारलं आणि ते धरलं. आधी लंगडत, मग त्यानं डिस्ट्रिब्युटर केसभर सरकवून कान दिला, तसं एका लयीत. दोघांनी ओतिलियाला उचलून मागं बसवलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

वाटेत तो एकदाही थांबला नाही. ओढ्यात पाणी चाकांच्या निम्म्याच्या वर होतं. तो त्यातून गेला. दोन्या उबाल्दिना मागं ओतिलियाला मिठी मारून बसली होती आणि एकच कडवं पुन्हा पुन्हा गात होती, तिच्या श्वासाला सोबत म्हणून. एका वळणावर गाणं थांबलं. आर्सेसिओला मागं बघायचा धीर झाला नाही. बऱ्याच वेळानं गाणं पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरून ठेवला होता.

चाराला सात मिनिटं कमी असताना ते इस्पितळाच्या दारात पोचले. नर्सनं ओतिलियाचे पाय पाहिले, कपाळाला हात लावला, आणि सोमवारबद्दल एक अक्षर न बोलता तिला चाकाच्या खुर्चीतून आत ढकलत नेलं. म्हातारी मागून गेली.

आर्सेसिओ जीपशीच उभा राहिला. इंजिन चालूच होतं. पहारेकऱ्यानं येऊन बजावलं की हे इस्पितळ आहे, इथं धूर नको, बंद कर. तो नुसता बघत राहिला. पहारेकरी पुन्हा आला, म्हणाला, "बहिरा आहेस का रे बाबा? कुणाची वाट बघतोस?" आर्सेसिओनं दाराकडे बोट दाखवलं, आणि पहारेकरी काय समजायचं ते समजून दूर जाऊन उभा राहिला.

पाऊण तासानं नर्स पायरीवर आली. म्हणाली, यंत्रातून रक्त फिरायला लागलंय. ती जागी आहे, आणि घरी अंगणात मोजपट्टी राहिली का ते विचारतेय.

आर्सेसिओनं होकाराची मान हलवली. मग वाकून जीपची चावी फिरवली आणि इंजिन बंद केलं.