स्टीलची नळी

पोपट मिस्त्रीने ब्रेकची तांब्याची नळी गुडघ्यावर दाबून वाकवली आणि विठूच्या हातात दिली.

"बघा, कशी वळते. पन मी ही टाकनार नाय."

विठूने ती फिरवून पाहिली. हाताला मऊ, दिसायला देखणी. धरमतरच्या खाडीवर मिठाच्या वाऱ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांना सगळे हीच टाकत, कारण ती गंजत नाही.

"का नाय?"

"पुढं डिस्क ब्रेक बसवतोय. डिस्कला दाब जास्ती लागतो. तांबं थरथरीनं थकतं आन् एक दिवस चिरतं. स्टीलची टाकू. गंजंल तवा बदलू."

रोह्याच्या त्या गॅरेजात बासष्ट सालचा लांब नाकाचा ट्रक लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता. विठूने तो एकवीस वर्षं चालवला होता, पेणच्या मिठाने भरून. सहा वर्षांपूर्वी वडखळच्या अलीकडे त्याचा ब्रेक लागला नाही. पेडल तळाला गेलं, ट्रक मोरीच्या कठड्यावर आदळला आणि शेजारी बसलेला विठूचा धाकटा भाऊ नाथा जागीच गेला. मालक दत्ताशेठ पोलिसांना म्हणाले, विठूने गाडी दामटली. विठूने अख्ख्या पंचक्रोशीत सांगितलं, शेठने ब्रेकला भंगारातली नळी टाकली. दोघांनीही आपलं म्हणणं सोडलं नाही. ट्रक शेडमध्ये पडून राहिला, त्याच्याखाली कुणी डोकावलंसुद्धा नाही, आणि गेल्या दिवाळीत शेठ वारले.

आता शेठचा मुलगा धनेश याला तो पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. अलिबागच्या वाटेवर त्याने हॉटेल काढलं होतं. पाहुण्यांना जुन्या ट्रकातून फिरवायची त्याला हौस. तो कासूला विठूच्या घरी आला आणि म्हणाला, "काका, नळ्या तुम्ही निवडा. आणि बाबांची चूक निघाली, तर मी स्वतः काकूंची माफी मागेन." काकू म्हणजे नाथाची बायको, सीताबाई.

विठू नळ्या निवडायला आलाच नव्हता. शेठची जुनी नळी बाहेर निघताना त्याला बघायची होती. कुजलेली, भोकं पडलेली. शेठ मेल्याचं त्याला वाईट वाटलं होतं ते एवढ्याचसाठी, की आता ती नळी त्यांच्या तोंडावर फेकता येणार नव्हती.

"नवीन राहू दे," तो म्हणाला. "आधी जुनी काढ."

पोपट ट्रकखाली सरकला. बऱ्याच वेळाने काळीकुट्ट नळी बाहेर आली. पोपटने तिच्यावर पॉलिश पेपर फिरवला आणि थांबला. आतून लख्ख स्टील निघालं.

"शेठनं माल एक नंबर टाकलेला हो. असली नळी आता शोधून मिळनार नाय."

विठूने पेपर त्याच्या हातातून ओढून घेतला. या टोकापासून त्या टोकापर्यंत नळी घासली. गंजाचा ठिपका नव्हता.

"दुसरी काढ."

दुसरीही तशीच निघाली. तिसरीही. सहा वर्षं पोसलेला राग कुणी हातातून हिसकावून घ्यावा, तसं त्याला झालं.

"मग ब्रेक गेला कसा?" तो जवळजवळ ओरडलाच.

पोपट पुढच्या चाकापाशी गेला. चाक वळतं, म्हणून तिथे नळीच्या पुढे हातभर रबरी पाइप असतो. त्याने तो कापून आणला. पाइप चहात बुडवलेल्या पावासारखा फुगला होता. अंगठ्याने दाबताच त्याची चीर उघडली.

"हितनं फुटला. एक फुटला का चारी चाकांचा ब्रेक गेला." पोपटने पाइप नाकाशी नेला. "जळकं ऑइल. कुनी येड्यानं चोपडलंय वरनं. लोखंडाला ते चांगलं, म्हनून तर नळ्या अशा राहिल्या. पन रबराला तेल म्हंजे विष."

विठू ठोकळ्यावर बसला.

दरवर्षी मिठाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तो गोणपाट अंथरून ट्रकखाली शिरायचा. होडीवाले होडीला तेल देतात, तसं अख्ख्या ट्रकच्या पोटाला जळकं ऑइल फासायचा. बाकीचे ड्रायव्हर दिसेल तेवढ्यावर फडकं मारून मोकळे व्हायचे. विठू कोपरा न् कोपरा पुसायचा, आणि रबरी पाइपांवर दोन हात जास्त द्यायचा, कारण तेच त्याला सगळ्यात नाजूक वाटायचे.

पोपटने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला काय कळायचं ते कळलं. पान्यांचा डबा त्याने उगाचच हलवला.

बाहेर स्कूटर थांबली. धनेश आत आला. घासलेल्या जुन्या नळ्या नव्यांशेजारी पडल्या होत्या. त्यातली कोणती कुठली, हे त्याला कळण्यासारखं नव्हतं.

"काय निघालं, काका?"

पोपट पाने पुसत राहिला. सांगायचं ते विठूने सांगायचं होतं.

"नळीच गेलेली," विठू म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला.

धनेशची मान खाली गेली. मग तो वाकला आणि विठूच्या पायांना हात लावला. पाय मागे घ्यावेत एवढंही विठूला सुचलं नाही. पोपटने रबरी पाइप कचऱ्यात टाकला आणि हात धुवायला निघून गेला.

दुपारी दोघे कासूला पोचले. सीताबाई ओट्यावर बसून वाल सोलत होती. धनेश तिच्यासमोर उकिडवा बसला, हात जोडले आणि सगळं सांगितलं. बाबा चुकले, विठूकाकांना त्यांनी उगाच बदनाम केलं, असं तो दोनदा म्हणाला. सीताबाईचे हात थांबले नाहीत.

"तू चांगला हायस, बाबा," ती म्हणाली. "तुज्यावर माजा राग नाय. पन तुज्या बापाला मी माफ करनार नाय. मेला तरी नाय."

विठू दारात उभा होता. तिने त्याच्याकडे बोट केलं.

"ह्या मानसानं त्या ट्रकला पोटच्या पोरावानी तेल चोळलंय. मी डोळ्यांनी बघितलंय. आन् तुजा बाप म्हनला, यांनीच माज्या नवऱ्याला मारला." तिने पदराने डोळे पुसले. "सांगा की भावजी तुमी बी त्याला. आता का गप हायसा?"

धनेशने मान वर करून विठूकडे पाहिलं.

"जाऊ दे गो सीता," विठू म्हणाला. "मेल्या मानसाला किती बोलायचं."

सीताबाईने कौतुकाने मान हलवली.

"बघ," ती धनेशला म्हणाली, "अजून बी त्याचं नाव खराब करवत नाय यांना."