साध्या खाद्यावरचे उंदीर

ज्यांना सगळे मांजरीणबाई म्हणत त्या तपासनीस बाई फाटकातून आत शिरल्या की प्रयोगशाळेतले झाडून सगळे उंदीर शेपट्या आवरून ओळीत बसतात, असं रखवालदार शपथेवर सांगायचा. शपथांची त्याच्याकडे कधीच टंचाई नव्हती. खरं एवढंच, की मेलेल्या उंदराच्या यकृताची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की बिचाऱ्यानं काय भोगलं ते बाई घडाघडा सांगायच्या.

नव्या कीटकनाशकाची तपासणी चालली होती. एका गटाच्या खाद्यात औषध जास्त, दुसऱ्याच्या कमी, तिसऱ्याला नुसतं साधं खाद्य. कुठली चकती कुठल्या गटाची हे बाईंना आधी सांगायचं नाही, म्हणजे नजर कुणाची बाजू घेत नाही. बाईंनी सगळ्या पाहून झाल्यावर साहेबांनी गट उघड केले आणि खूश होऊन टेबलावर थाप मारली.

"सगळे सारखेच आजारी! फरकच नाही. म्हणजे औषध निर्दोष. उंदरांत साथ आली असणार."

"साथीनं यकृत असं सडत नाही, साहेब. आणि साध्या खाद्यावरच्यांचं का सडावं?"

"बाई, गंगेत घोडं न्हालंय. आता त्याची शेपूट ओढू नका."

बाई तडक खाद्याच्या खोलीत गेल्या. तिथला मिसळणीचा ड्रम त्यांचा थोरला भाऊच सांभाळायचा. नोकरी बाईंनीच शब्द टाकून लावलेली. तोंडावर हवी ती धूळ अडवायची पट्टी त्यानं कपाळावर चढवलेली, आणि डोळ्यांत पिवळट झाक.

"दादा, साधं खाद्य आधी मिसळतोस ना? औषधाचं नंतर?"

"उलटं करतो, ठमे," दादा ऐटीत म्हणाला. "जास्त औषधाचं आधी, साधं शेवटी. साध्यानं ड्रम आतून लख्ख पुसून निघतो. मिरची दळली की आई मूठभर धान्य फिरवून जातं साफ करायची, आठवतं? अक्कल घराण्यातच आहे."

बाईंना सगळा उलगडा झाला. ड्रमला चिकटलेलं औषध साध्या खाद्यावरच्यांनीच चाटून खाल्लं होतं.

"हे वर सांगितलं तर तुझी नोकरी जाईल."

"मग सांगू नकोस. उंदरांच्या मयतीला कोण रडतंय?"

"हेच उद्या भाजीवर फवारतील. पोराबाळांच्या पोटात जाईल."

"आणि माझ्या पोराबाळांच्या पोटात काय जाईल गं?"

बाई जिना चढल्या आणि साहेबांना सगळं सांगितलं. चाचणी रद्द झाली, नवे उंदीर मागवले. दादाला त्याच दिवशी फाटकाबाहेर काढलं. रखवालदारानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

महिनाभरात दादानं अंथरूण धरलं. अंगभर पिवळा पडला. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"मिसळताना ते कीटकनाशक माणसाच्या अंगात किती गेलं तर झेपतं? तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!"

"कुणालाच ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "चाचणी आत्ता कुठे पुन्हा सुरू झालीय. निकालाला दोन वर्षं."

दादानं ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड फिरवून तो म्हणाला, "ठमे, उंदरांना म्हणावं, जरा भराभर खा."