लिफ्टचा वेग आणि पोटातला गोळा

कंपनीचा लिफ्टवाला दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा सातव्या मजल्यावर पोचला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी घराच्या दारातच उभे होते. इतिहासाचे निवृत्त शिक्षक, हातात तक्रारवही.

"वेग अजून कमी करा," ते म्हणाले.

"सर, आणखी कमी केला तर लोक जिन्याने आधी पोचतील."

"ते आत्ताच पोचतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची 'लिफ्ट रखडते' अशी वेगळी तक्रार आलीये. तीही लिहून घ्या."

लिफ्टवाल्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि कपाळ चोळलं. तीन आठवडे हेच चाललं होतं. मूळ तक्रार सेक्रेटरींच्या सासूबाईंची. लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना पोटात गोळा येतो म्हणून आजींनी खाली उतरणंच सोडलं होतं. पहिल्या खेपेलाच त्याने सांगितलं होतं, हा वेगाचा दोष नाही, वेग बदलतो त्याचा आहे. सेक्रेटरी म्हणाले होते, "म्हणजे वेगाचाच ना?" ऑफिसातल्या साहेबांनीही फोनवर झापलं, गिऱ्हाईक म्हणतंय तसं कर. त्याने सेकंदाला एक मीटरचा वेग पाऊण मीटरवर आणला, मग अर्ध्यावर. लिफ्टची गोगलगाय झाली. आजींचा गोळा होता तिथेच.

"सर, शेवटचं सांगतो," तो म्हणाला. "सेकंदाला किती अंतर आणि कुठल्या दिशेने, हा झाला वेग. तो एकसारखा असला की अंगाला कळतही नाही. तो किती झटकन बदलतो, त्याला म्हणतात त्वरण. आजींना त्रास होतो तो त्वरणाचा."

"पण लिफ्टच हळू केल्यावर सगळंच हळू होणार ना!"

"नाही ना होत! अर्ध्या मीटरला पोचतानाही ती हिसका तेवढाच देते. त्वरणाचा आकडाच वेगळा आहे, आणि त्याला मला कुणी हात लावू देत नाही!"

त्याचा आवाज इतका चढला की आजी बाहेर आल्या. "काय भांडताय रे सकाळी सकाळी?"

"आजी, घरात वजनकाटा आहे?"

होता. न्हाणीघरातला, काट्याचा, जुना. तो लिफ्टमध्ये ठेवून तिघंही तळमजल्यावर गेले. आजींनी डोळे मिटून दांडी घट्ट धरली होती. खाली पोचल्यावर लिफ्टवाल्याने सेक्रेटरींना काट्यावर उभं केलं. एक्याऐंशी.

"एक्याऐंशी?" आजींनी डोळे उघडले. "आम्हाला तर शहात्तर सांगता!"

"आई, तो विषय नाहीये आत्ता."

लिफ्टवाल्याने सातचं बटण दाबलं. काटा उडी मारून अठ्ठ्याऐंशीवर गेला, लगेच एक्याऐंशीवर आला आणि सगळे मजले तिथेच राहिला. सातव्यावर थांबताना चौऱ्याहत्तरवर घसरला, मग पुन्हा एक्याऐंशी.

"म्हणजे मधे काहीच होत नाही," सेक्रेटरी हळूच म्हणाले. "जे काय होतं ते सुरू होताना आणि थांबताना."

"तीन आठवडे!" लिफ्टवाला म्हणाला. "तीन आठवडे हेच सांगतोय!"

तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला. वेग पुन्हा एक मीटर केला आणि त्वरण निम्मं. पाच मिनिटांचं काम. आजी भीत भीत एकदा खाली जाऊन आल्या. मग न सांगताच पुन्हा गेल्या. "निघाली कधी तेच कळत नाही," त्या येताना म्हणाल्या.

सेक्रेटरींनी कामाच्या कागदावर लिहिलं: 'वेग कमी केला. तक्रार दूर झाली.'

"सर! वेग मी वाढवलाय!"

"पण आता हळुवार चालते ना? मग?"

लिफ्टवाल्याने पेन त्यांच्या हातातून घेतलं, ओळ खोडली आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'वेग पहिल्यासारखा. त्वरण निम्मे.'

"हे कुणाला कळणार आहे?" असं पुटपुटत सेक्रेटरींनी सही केली.

तो रागारागाने जिना उतरायला लागला. चौथ्या मजल्यावर लक्षात आलं, पिशवी वरच राहिली. कपाळावर हात मारून त्याने लिफ्टचं बटण दाबलं. दार उघडलं. आत आजी, आणि त्यांनी गोळा करून आणलेल्या दोन शेजारणी.

"ये, ये," आजी सरकून जागा करत म्हणाल्या. "वरच चाललोय."