कुंकू लागलेली चकती

मी सिलिकॉनची चकती बोलतेय. बाळकुमच्या एका घरात, देव्हाऱ्यातल्या एकवीरेच्या तसबिरीशेजारी उभी असते. आरसा समजून माझ्यात भांग पाडू नका; मी ठाण्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत वाढलेय.

त्या प्रयोगशाळेला एका कंपनीने तीन वर्षं पैसे दिले होते. खाडीच्या पाण्यातलं विष ओळखणाऱ्या चिप माझ्या अंगावर घडवायच्या होत्या. घडवणारी होती समिधा, पीएचडी करणारी कोळ्याची लेक. तिचे बाबा, धाकू, खाडीत जाळं टाकायचे आणि कितीदा तरी मेलेलेच मासे वर यायचे.

"बाय, पानी खराब झाला का तुजी चकती आदीच सांगल ना?" ते विचारायचे.

"सांगल, बाबा."

हे ऐकून मलाही भलतीच ऐट आली होती.

आमच्या खोलीत धुळीच्या कणालाही बंदी. तोंडाला पावडर लावून आलेल्या पाहुण्यांना आमचे मदतनीस जगनमामा दारातूनच परत पाठवत. खंडेनवमीला कॉलेजातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. चकत्या तापवायच्या आमच्या भट्टीला मात्र, कुंकवाची धूळ नको म्हणून, मामांनी बाहेरूनच हात जोडले. समिधाच्या मनाला ते लागलं. चारच दिवसांनी कंपनीची माणसं चाचणी बघायला येणार होती. बाबांच्या होडीला कुंकू लागतं, मग भट्टीलाच का नाही? मामा जेवायला गेले तसं तिने चिमूटभर कुंकू भट्टीच्या दाराला लावलं. आणि त्याच हातमोज्याने मला उचलून आत ठेवलं.

मला ओरडता आलं असतं तर! भट्टीच्या आचेत कुंकवाची ती धूळ माझ्या अंगात मुरली.

चाचणीत माझी एकही चिप धड चालली नाही. पाहुणे चहा पिऊन "कळवतो" म्हणाले. पुढचे पैसे आलेच नाहीत, भट्टीवर प्लास्टिक पडलं. समिधाच्या गाईड मॅडमना अजून वाटतं, सिलिकॉनच वाईट आलं होतं. कुंकवाचं समिधाने कुणालाच सांगितलं नाही. पीएचडी सोडून ती आता दिवा स्टेशनजवळच्या एका क्लासमध्ये गणित शिकवते.

मला टाकून देणं तिला जमेना, म्हणून तिने मला घरी आणलं. लेकीच्या हातचं काम म्हणून बाबांनी मला देवात बसवलं. दसऱ्याला होडीची पूजा झाली की ते मलाही कुंकू लावतात, आणि समिधा काहीतरी काम काढून बाहेर जाते. अगं, एकदा सांगून टाक त्यांना! ते रागावणार नाहीत गं.

जाळं खांद्यावर टाकून निघताना बाबा रोज माझ्याकडे बघतात.

"काय गो, पानी कसा हाय आज?"

बाबा, मला नाही हो सांगता येत.