ऑल-इन डॉक्टरांची लाल चिप

मित्रांनो, मी एक जुनी लाल चिप आहे. बटाट्याची नव्हे; पोकरच्या डावात पैशांच्या जागी ठेवतात ती. बटाट्याचा विनोद मिहीर डॉक्टरांनी मला घरी आणले त्या दिवशी केला आणि पुढे प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. त्यावरून माणसाचा अंदाज यावा.

कारखान्यातल्या साच्यातून मी निघाले तेव्हा इंग्लंडात पोकरचे वेड पसरले होते. टीव्हीवर पोकर, पबमध्ये पोकर. ब्रिस्टलच्या एका दुकानातून डॉक्टरांनी आमची अख्खी पेटी उचलली. ते हाडांचे डॉक्टर. त्यांची पत्नी वरदा भूल देणारी. रविवारी संजय आणि नीना हे मित्र जेवायला येत आणि मग डाव बसे. तेव्हा माझी किंमत एक पौंड होती. वरदा मला बोटांत फिरवत शांत बसे. पाने वाईट आली की टाकून देई. तिच्या बोटांत फिरणे, माझ्या आयुष्यातला तोच काय तो सन्मान.

मग हॉस्पिटलच्या मदतनिधीसाठी टूर्नामेंट झाली. तिथे आम्हां चिप्सना पैशाचे मोल नसते. सगळ्यांना सारख्याच मिळतात, संपल्या की खेळाडू घरी. शिवाय पाने बघण्याआधीच लावावी लागणारी सक्तीची बोली सतत वाढत जाते; नुसती वाट पाहणारा झिजून संपतो. वरदा तशीच संपली. डॉक्टर मात्र दर डावाला "ऑल-इन!" असे ओरडून सगळ्या चिप्स पुढे लोटत. बाहेर पडण्याच्या धास्तीने समोरचे पाने टाकत. डॉक्टर जिंकले. त्यांना प्लास्टिकचा कप मिळाला आणि उरलीसुरली अक्कलही गेली.

"तू फार घाबरतेस, वरदा. फिअरलेस व्हायला हवं," ते म्हणाले.

"तिथे मी जास्त थांबले, मान्य. पण घरी बोली वाढत नाही, मिहीर. इथे घाई कशाला?"

"पोकर इज पोकर!"

इतके मठ्ठ वाक्य प्लास्टिकच्या कानांनीही ऐकवत नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर घरच्या डावातही ऑल-इन करू लागले. इथे संजयला कसली धास्ती? हरला तर खिशातून पुन्हा पैसे काढून बसणार. तो निवांत थांबे, चांगली पाने आली की डॉक्टरांना गाठे. चहाच्या वेळेपर्यंत डॉक्टरांचा खिसा रिकामा झाला. तेव्हा ते उठले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले.

"अरे, हे पैसे वहिनींच्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे ना? साताऱ्याच्या तिकिटांचे?" संजय चपापला. "ठेव परत."

"पत्ते वाट, नीना. आणि ऑल-इन!"

संजयकडे राजांची जोडी होती. डॉक्टरांकडे सत्ती आणि दुर्री. पाकीट गेले.

वरदा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. संजयने पाकीट तिच्याकडे सरकवले. "भीक नकोय आम्हाला!" डॉक्टर गरजले.

"नकोच," वरदा म्हणाली. तिने पाकीट संजयपुढे परत सरकवले आणि पर्समधून नोटा काढून चिप्स घेतल्या. "मिहीर, ऊठ तिथून."

ती पाने टाकत राहिली. मागे डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. "अगं, मार ना! ऑल-इन!"

"चहा गार झालाय, तेवढा गरम करून आण."

अखेर तिला तीन गुलाम जुळले. तिने आरडाओरडा केला नाही. थोडे थोडे पुढे केले, संजयला मोह पडू दिला. त्याने पाकीटही डावात ढकलले. मग तिने मला सगळ्यांच्या वर ठेवून ढीग पुढे सारला. संजयने पाने उघडली; तिच्या गुलामांपुढे ती फिकी पडली.

पाकीट उचलून ती उभी राहिली.

"जिंकताना कोण उठतं?" डॉक्टर किंचाळले.

"टूर्नामेंटमधून उठता येत नाही. इथून येतं."

त्या संध्याकाळी तिने साताऱ्याला जायचे एकच तिकीट काढले, स्वतःपुरते.

डॉक्टर आजही सांगतात, वरदाला पोकर त्यांनी शिकवले. मी गॅरेजमध्ये ओल खात पडले आहे. मित्रांनो, माझी कीव करू नका, मला पुसूही नका. फक्त एखाद्या विजयी माणसाच्या घरी गेलात, तर त्याच्या बायकोलाही एकदा विचारा, ती कशी आहे.