चुडामायेचे पोट

रुपीबाईच्या नव्या बांगडीच्या आतल्या कडेला एक ठिपका होता. खसखशीच्या दाण्याएवढा, बोटाला किंचित खरखरीत लागणारा. तिथे काहीतरी चिकटलेले असावे आणि ते कुणी मोडून काढले असावे, असा. नलूने दुसरी बांगडी पाहिली. ठिपका तिथेच. तिसरी पाहिली. तिथेच. शिवाय प्रत्येक बांगडीच्या कडेवरून केसाएवढी बारीक रेघ सबंध गोल फिरून आली होती.

"नीट पाह्य, मास्तरीणबाई," रुपीबाईने बांगड्यांनी भरलेला पदर आणखी पुढे केला. "मायेनं देल्ला चुडा हाय. हातात पडला तवा ताज्या भाकरीवानी गरम होता."

यवतमाळच्या बाजाराचा दिवस होता आणि बंद पडलेल्या एका जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आसपासच्या तांड्यांतल्या बंजारा बाया दिवस उगवायच्या आतच निघून आल्या होत्या. बंजारा बाईच्या दंडावरचा हस्तिदंती चुडा म्हणजे तिचे कुंकू. नवरा असेपर्यंत तो दंडावरून हलत नाही. आणि इथे बाया तो आपल्या हाताने उतरवून रांगेत उभ्या होत्या.

शेडच्या टोकाला चुडामाय होती. माणसाच्या उंचीची, लाल लुगडे नेसवलेली, चांदीचे डोळे लावलेली. तिचे तोंड वर आकाशाकडे उघडे. शेजारी तांबड्या गादीवर गजदंतनाथ बाबा बसला होता. देवीच्या पोटात प्रलयाचा अग्नी आहे म्हणे. त्या अग्नीचा ताप बाबाला सोसत नसावा, कारण टेबलफॅन त्याने स्वतःकडे वळवून घेतला होता.

"आव माय, आव बहेन!" बाबाचा चेला शंकरसिंग ओरडत होता. "जुना चुडा मायेच्या तोंडात टाका, वरून बाबाच्या हातच्या मूठभर अक्षता टाका! धन्याचं नाव मायेच्या कानात सांगा, घंटी वाजवा! माय गिळते, माय पकवते, माय देते! मानसाचा हात लागत नाही, सारं आपोआप! पांढरी बांगडी आली त धनी जित्ता. काळी आली त..." इथे तो दोन्ही कान पकडून जीभ चावी.

घंटा वाजे. पोटातून 'धप्' असा आवाज येई. थोड्या वेळाने खालच्या फटीतून एक पांढरीशुभ्र बांगडी पितळी परातीत पडे आणि सगळी शेड हात जोडी. काळी बांगडी आजवर कुणीही पाहिली नव्हती. धंद्याला ती परवडणारी नव्हती.

"आता हिची पाळी," रुपीबाईने शेजारी उभ्या असलेल्या सुनेकडे, जमनीकडे बोट केले.

जमनी खाली पाहत होती. तिचा नवरा धरमसिंग मुंबईला कामाला म्हणून गेला, त्याला चार पावसाळे झाले. पत्र नाही, निरोप नाही. त्या काळात नलूच्या ओसरीवर बसून जमनीने सातवी पास केली होती. सरकारी दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी तिला घ्यायला तयार होते. मेट्रनबाईंनी दोनदा विचारले होते आणि आता पुढच्या बाजारानंतरच्या सोमवारी शेवटचे विचारणार होत्या. जमनी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

"पांढरी निघाली का मंग हिनं दवाखान्याचं नाव काढाचं नाई," रुपीबाई म्हणाली. "माहा लेक घरी येईन आन बायको परक्याचं हगमूत धूत बसली दिसंल? काय म्हनंल तांडा?"

"मामी, आज माह्या डोक्यात दुखून राह्यलं," जमनी हळूच म्हणाली. "पुढच्या बाजाराले येऊ."

निघताना नलू खाली वाकली. जमिनीवर बाबाच्या अक्षता सांडल्या होत्या. तिने चिमूटभर उचलल्या. तांदळाला टोक असते. या दाण्यांना टोक नव्हते. सुरीने कापल्यासारखे सगळे सारखे होते. आणि मायेच्या लुगड्याखालून विजेची एक जाड तार भिंतीकडे गेली होती.

नलू मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवी. शाळेच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर तिने आधी तांदूळ धरला. तो काळा पडून कोळसा झाला. मग बाबाची अक्षत धरली. ती मऊ झाली, वितळली, सुईने ओढल्यावर तिचा धागा निघाला आणि जळताना काजळीचे काळे धागे हवेत तरंगले. हा वास कुठला? नलूने आपल्या मोडक्या फणीचा एक दात जाळून पाहिला. बाजारात नुकत्याच येऊ लागलेल्या त्या काळ्या, मुंबईच्या फण्या. तोच वास, तीच काजळी. जमनीने पेटीतली एक तडकलेली हस्तिदंती बांगडी दिली होती. तिला लाल तापलेली सुई लावली, तर नख जळाल्यासारखा किंचित वास आला. बांगडी वितळली नाही.

तेव्हा तिला कॉलेजात असताना पाहिलेला मुंबईचा एक कारखाना आठवला. तिथे यंत्राची एक रांग साबणाच्या डब्या काढत होती. वरून दाणे पडत, आत वितळत, दट्ट्या तो रस पोलादी साच्यात कोंबी, साचा आपला आपण उघडे आणि डबी खाली पडे. एक कामगार तीन यंत्रे सांभाळत विडी ओढत होता. दसऱ्याला यंत्रांना हार घालत असतील. पण एकाही डबीला कुणी आपल्या माणसाची खुशाली विचारली नव्हती.

यंत्र चांगले होते. त्याला लुगडे नेसवणारा माणूस नीच होता. नलू सहसा असे शब्द वापरत नसे. त्या संध्याकाळी तिने तो मोठ्याने उच्चारला, आणि तिची तुळसा आत्या चुलीपुढून म्हणाली, "मंग बोलतेस कायले? चाल ना."

पुढच्या बाजाराला तुळसाबाईने कपाळावर रुपयाएवढे कुंकू लावले. ती विधवा होती. शिवाय छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर त्या घरात देवीचे कुंकू कुणी लावलेच नव्हते. शेजारणी पाहतच राहिल्या. "नाटकात काम हाय माहं," ती त्यांना म्हणाली.

शेडमध्ये तिची पाळी आली. तडकलेली हस्तिदंती बांगडी मायेच्या तोंडात गेली, वरून अक्षता गेल्या. "गोविंदा," तिने मायेच्या कानात शेडभर ऐकू जाईल असे सांगितले आणि घंटा वाजवली. धप्. परातीत पांढरी बांगडी.

"जित्ता हाय!" शंकरसिंग नाचला. "माय, तुहा गोविंदा जित्ता हाय!"

"अस्सं?" तुळसाबाईने कमरेवर हात ठेवले. "मंग इतके साल कुठं दडून बसला मेला? मी त त्याले माह्या डोयानं जळताना पाह्यलं. तेराव्याचं जेवन पन जेवली!"

बायांत हशा पिकला आणि लगेच विझला. बाबाने डोळे मिटून हात वर केला. "आत्मा अमर असतो, माई. मायेने आत्म्याची खूण दिली."

"मंग साऱ्याइचेच नवरे तसे जित्ते का रे?" मागून कुणीतरी विचारले. आता कुणी हसले नाही.

"यायनं देव सोडले हायेत!" शंकरसिंग किंचाळला. "यायचं काय ऐकता? यायले काय समजते देवाचं?"

"देव सोडले, डोये नाई सोडले," तुळसाबाई म्हणाली आणि त्याच्या आणि नलूच्या मधोमध उभी राहिली.

नलू पुढे झाली. तिचा आवाज लहान होता, म्हणून बायांना गप्प व्हावे लागले. तिने मूठ उघडून सगळ्यांना दाखवली. "ही माझी मोडकी फणी. बारीक कुटून आणली आहे. मी ती मायेच्या तोंडात टाकते." तिने मूठ रिकामी केली. "आता माय काळी बांगडी देईल. कुणाच्या नवऱ्याच्या नावाने घ्यायची?"

बाया एकमेकींच्या मागे सरकल्या. तर्क कितीही पटला तरी आपल्या धन्याचे नाव कोण देणार?

"माह्या," जमनी म्हणाली.

"जमनी!" रुपीबाईने तिचा हात धरला. "याडीची, तुह्या मायची आन हाय तुले!"

जमनीने हात सोडवला नाही. सासूला तसेच ओढत ती मायेपाशी गेली. "धरमसिंग," ती म्हणाली आणि घंटा वाजवली.

धप्. पांढरी बांगडी पडली.

"पाह्यलं?" शंकरसिंग गरजला. "फनी टाकली तरी पांढरी! माय हाय ते!"

"आत आधीचा माल आहे. तो संपू दे," नलू म्हणाली. "जमनी, अजून वाजव."

दुसरी बांगडी राखाडी निघाली. बाबा गादीवरून अर्धा उठला. जमनीने पुन्हा घंटा वाजवली, तेव्हा त्याचा धीर सुटला.

"उकंडा, थांब! दांडा ओढू नको!"

धप्. परातीत काळी बांगडी पडली. पांढरा पट्टा नावालाच, बाकी सगळी रस्त्याच्या डांबरासारखी.

"उकंडा कोन?" तुळसाबाईने विचारले आणि मायेचे लुगडे दोन्ही हातांनी खाली ओढले.

आत एक लोखंडी यंत्र होते. वर दाणे ओतायची पत्र्याची चाडी, खाली विजेने तापणारी नळी, पुढे पोलादाचे दोन तुकडे जोडून केलेला साचा. मागे घामाने भिजलेल्या बनियनमधला एक माणूस लांब दांडा धरून उभा होता. चाडीच्या तोंडाशी एक तिरकी फळी होती. दाणे तिच्या फटींतून खाली जात आणि चुडे घसरून पोत्यात पडत. पोते हस्तिदंताने अर्धे भरले होते.

"मले कायले पाह्यता?" उकंडा म्हणाला. "घंटी वाजली का दांडा ओढाचा, साचा उघडाचा, बांगडीचं देठ मोडून खाली सोडाची. मले एवढंच सांगतलं."

बाबा मागच्या दाराकडे निघाला होता. तिथे आधीच चार बाया उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर भक्ती नव्हती.

"हा सोऱ्या आहे," नलू म्हणाली. "घरी आपण चकलीचे पीठ दाबतो, तसा हा वितळलेला प्लास्टिकचा रस दाबतो. पाडव्याच्या साखरेच्या गाठी साच्यात ओततात, तशी ही बांगडी होते. रस जिथून आत शिरतो तिथे देठ राहतो, तो मोडला की ठिपका. साच्याचे दोन भाग मिळतात तिथे रेघ. तुमच्या सगळ्यांच्या बांगड्यांवर आहे, पाहा. याच शेडमध्ये जिन होती. कापूस टाकला की सरकी वेगळी पडायची. तिला कुणी विचारलं होतं का, माझा नवरा कसा आहे? यंत्राला एवढंच कळतं की आत काय टाकलं. पांढरं टाकलं, पांढरं आलं. काळं टाकलं, काळं आलं. याने तुमचा दंतचुडा नेला, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमची भीती साच्यात घालून तुम्हालाच विकली. इथून पुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकदा मागे जाऊन पाहा. आणि स्वतः तपासून पाहा, मी सांगते म्हणूनही मानू नका."

बाया पोत्यावर वाकल्या. आपापला चुडा ओळखून उचलू लागल्या.

रुपीबाई मात्र परातीपाशी बसली होती. काळी बांगडी तिच्या ओंजळीत होती आणि ती हुंदके देत होती. नलू तिच्यासमोर बसली.

"रुपीबाई, यात धरमसिंग नाही. यात माझी फणी आहे. तो कसा आहे, कुठे आहे, हे मला माहीत नाही. मी खोटं सांगणार नाही. पण या यंत्रालाही ते माहीत नव्हतं; पांढरी दिली तेव्हाही नव्हतं."

"मंग आता मी कोनाले विचारू वं?" रुपीबाईने सुनेकडे पाहिले. "इतके दिवस वाट पाह्यली. आता कायच्या भरवशावर बसाचं आपन दोघीनं?"

जमनी तिच्याशेजारी टेकली. तिने ती बांगडी हळूच सासूच्या हातातून काढून परातीत ठेवली आणि आपल्या पदराने तिचे डोळे पुसले.

"मामी, तुहा लेक हाय, तू वाट पाह्य. माहा चुडाही मी उतरवनार नाई," ती म्हणाली. "पन मी बसनार नाई. सोमवारी मी मेट्रनबाईले हो म्हननार हाय."