नऊ उत्तरे आणि एक पोचपावती

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे, आणि मित्रांनो, हे सांगताना माझी मान खाली जात नाही. माझ्या पाठीला चीर गेली आहे, पाचाच्या बटणावरचा आकडा घासून पुसून गेला आहे, पण एकदा पोटभर चार्ज केले की चार दिवस मी कोणाकडे काही मागत नाही. तुमच्या घरातले काचेचे चकचकीत फोन दुपार झाली की भिंतीजवळ जाऊन वायर तोंडात धरून बसतात. मी कोणाचे नाव घेत नाही. ज्याचे त्याने ओळखावे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीत सहा स्क्रू बसवले आणि मला पुढच्या टेबलावर सरकवले. तिथे एक लोखंडी बोट माझी बटणे न थांबता दाबत होते. मग मला कमरेइतक्या उंचीवरून तीनदा खाली टाकले. माझ्या शेजारचा फोन दुसऱ्याच आपटीला उघडला आणि त्याची बॅटरी टेबलाखाली गेली. मी तिसऱ्या आपटीनंतरही चालू राहिलो. अशा परीक्षा देऊन आम्ही बाहेर पडतो. उगाच नाही टिकत.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. खाली दुकान, वर घर, मध्ये एक अरुंद लाकडी जिना. दुकानात कापायचे मोठे टेबल, त्यावर खडू, टेप, जड कात्री, आणि आता त्यांच्या पंगतीत मी. मास्तर फक्त कोट शिवत. त्यांच्या हाताला तोड नव्हती आणि तोंडाला लगाम नव्हता. मापाची एक जाड वही होती आणि वहीचे दोन नियम होते. सगळ्यात नवे माप तेच खरे. माणूस सुटतो, वाळतो, वाकतो, म्हणून नवे माप घेतले की मास्तर जुन्या मापावर एक सरळ रेघ मारत. पान मात्र कधी फाडत नसत. आणि दुसरा नियम असा की ट्रायल दिल्याशिवाय कोट दुकानाबाहेर जात नाही. एका न्यायाधीशांना घाई होती, तर त्यांनाही मास्तरांनी एका बाहीच्या कोटात आरशासमोर उभे केले होते.

मी तिथे इमानेइतबारे काम केले. जिन्यावरून पडलो, चहात पडलो, एकदा तर शिवून तयार झालेल्या कोटाच्या खिशातून परगावी जाऊन आलो. मास्तर गिऱ्हाइकांना मला दाखवून म्हणत, "याच्याकडून शिका. बोलतो कमी, काम करतो फार." अशी शाबासकी कात्रीलाही मिळाली नव्हती.

मास्तरांना एकच मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे सुई म्हणत. तिच्या हातची काजे मास्तरांच्या काजांपेक्षा सुबक होती, हे मास्तरांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कधी बोलून दाखवले नव्हते. हे टेबल पुढे तीच चालवणार असे त्यांनी मनाशी धरले होते. पण सुईने परदेशात, वृद्धांची सेवा करणाऱ्या एका संस्थेत काम धरले. निघायच्या दिवशी ती बॅग घेऊन टेबलाजवळ उभी राहिली. "येते, बाबा," म्हणाली. मास्तर कापड कापत होते. मान वर न करता ते "जा" म्हणाले. मी दोघांच्या मधोमध पडलो होतो. त्या दिवशी त्यांनी कापड वाकडे कापले.

दोन दिवसांनी माझ्यावर संदेश आला. "सुखरूप पोचले. हा खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आहे. माझा इथे चालत नाही. सुई." मास्तरांनी तो नंबर वहीत उतरवला, सुईच्या मापाखाली.

मग चार महिने काही नाही. आणि एका सोमवारी, दुकान बंद करायच्या सुमारास, मी टेबलावर थरथरलो. नंबर नवा होता. "बाबा, माझं लग्न ठरलंय. मुलगा इथेच माझ्याबरोबर काम करतो. इथे थंडी फार. लग्नात घालायचा कोट तुम्ही शिवाल का? फोन करायचा धीर होत नाही, म्हणून लिहिते. नको वाटलं तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन. सुई."

मास्तरांनी तो तीनदा वाचला. मग वही काढून मैत्रिणीच्या नंबरावर सरळ रेघ मारली आणि नवा नंबर खाली लिहिला. नवे तेच खरे. बोटातले लोखंडी टोपण काढून ठेवले आणि एकेक अक्षरासाठी माझे बटण तीन-तीनदा दाबत त्यांनी उत्तर लिहिले. "हो." एवढ्या एका शब्दाला त्यांना बराच वेळ लागला. मी तो घेतला, मोबाइलच्या मनोऱ्याच्या हवाली केला आणि माझ्या पडद्यावर ऐटीत लिहिले, "संदेश पाठवला."

मित्रांनो, माझी चूक इथेच झाली, म्हणून नीट ऐका. मैत्रिणीचा फोन दर वेळी कशाला मागायचा, म्हणून सुई तो संदेश फोनवरून पाठवतच नव्हती. संस्थेच्या कचेरीतल्या संगणकावर इंटरनेटचे एक पान होते. त्यात नंबर आणि मजकूर भरला की संदेश कुठल्याही देशात जाई. पण जाताना तो ते पान चालवणाऱ्यांच्या एखाद्या नंबरावरून जाई, दर वेळी वेगळ्या. त्या नंबरामागे माणूसच नव्हता. तिथे गेलेले उत्तर कोणी उघडत नव्हते, कोणाला देत नव्हते आणि परतही पाठवत नव्हते. हे मला तेव्हा कुठे माहीत? मी आपला दर वेळी छाती काढून "पाठवला" म्हणत राहिलो.

गुरुवारी दुसरा संदेश आला, दुसऱ्या नंबरावरून. "बाबा, अजून राग आहे का?" मास्तरांनी पुन्हा रेघ मारली, पुन्हा नंबर लिहिला. "राग नाही. कसला राग. माप पाठव." पाठवला. तिसऱ्या नंबरावरून, "आई तरी बरी आहे ना?" मास्तरांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली काकू म्हणते, त्यांनी वहीकडे बघून कपाळाला हात लावला.

"अहो, ही पोरगी रोज नंबर बदलते की काय?"

"परदेश आहे तो," मास्तर म्हणाले. "तिथे तशी पद्धत असेल."

त्यांनी एकदा त्या नंबरावर फोनही लावून पाहिला. पलीकडे एक बाई परक्या भाषेत काहीतरी एका सुरात बोलल्या आणि फोन बंद झाला. तो ध्वनिमुद्रित आवाज होता. मास्तर मात्र अदबीने पूर्ण ऐकून घेऊन म्हणाले, "घरमालकीण दिसते. आपण अवेळी लावला."

"आवाज गोड आहे हो," काकू म्हणाल्या. "पोरीची काळजी घेत असेल."

अशी तीन आठवड्यांत आठ उत्तरे गेली. मग बुधवारी सुईचा पाचवा संदेश आला. "समजले, बाबा. शनिवारी दुकानात जाऊन तयार कोट घेते. आता त्रास देत नाही."

तयार कोट. मास्तरांनी मला टेबलावर ठेवले आणि बराच वेळ खडूने कापडावर रेघा ओढल्या, ज्यांचा काही उपयोग नव्हता. मग मला उचलून त्यांनी नववे उत्तर लिहिले. "सुई, तू निघालीस तेव्हा मी वर बघायला हवं होतं. चुकलो." मी ते नेले. आणि पुन्हा तोच शब्द लिहिला. पाठवला. मित्रांनो, मला माझ्या त्या शब्दाची आजही लाज वाटते. एवढी एकच लाज माझ्या खात्यावर आहे.

गुरुवारी पोस्टातल्या बाई कोटाच्या ट्रायलला आल्या. त्या पोस्टात पत्रे निवडण्याचे काम करत. मास्तर त्यांच्या खांद्याला टाचण्या लावत होते, पण टाचण्या भलतीकडेच लागत होत्या. टाचणी टोचली तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, आज लक्ष कुठे आहे?"

मास्तर बोलणाऱ्यातले नव्हते, निदान स्वतःबद्दल. काकूंनीच सगळे सांगितले आणि वही पुढे केली. बाईंनी एका बाहीच्या कोटातच ते पान वाचले. पाच नंबर रेघ मारलेले, सहावा ताजा.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "लाल पेटीत टाकलेलं पत्र तुम्हाला मिळालं, तर तुम्ही उत्तर त्या पेटीच्या पत्त्यावर पाठवाल का?"

"पेटीला कसला पत्ता?"

"मग हेच करताय तुम्ही. हे नंबर पेट्यांचे आहेत, पोरीचे नाहीत. इंटरनेटवरून आलेत हे. माझ्या भाच्याचेही असेच यायचे. तिनं कधी माणसाच्या फोनवरून लिहिलं होतं का? अगदी सुरुवातीला?"

मास्तर म्हणाले, "पण ते माप जुनं झालं."

"नंबर म्हणजे माप नाही, मास्तर. तो वाढत नाही."

मास्तरांनी माझ्यातले संदेश खाली सरकवायला घेतले, आणि मित्रांनो, इथे माझी कॉलर जरा ताठ होऊ द्या. काकू दर महिन्याला जुने संदेश काढून टाकायला सांगत होत्या. दोनशे संदेशांनी माझे पोट गच्च भरले होते. तरी सुईचा तो सुखरूप पोचल्याचा संदेश मी तळाशी जसाच्या तसा सांभाळला होता. नाव, नंबर, पुढचे अधिकाचे चिन्ह, सगळे. बाईंनी तो नंबर वहीतल्या रेघेखालच्या नंबराशी ताडून पाहिला. मग त्यांनी सेटिंग नावाच्या माझ्या आतल्या खोल्या उघडल्या आणि एक खूण चालू केली. "ही पोचपावती. संदेश नुसता गेला की खरंच पोचला, ते आता हा सांगेल." हा गुण माझ्यात पहिल्या दिवसापासून होता. कोणी विचारलेच नव्हते.

"लिहा आता. थोडक्यात."

मास्तरांनी लिहिले, "शिवतो. तयार कोट घेऊ नकोस. ट्रायलला यावं लागेल. बाबा."

मी तो घेतला आणि रवाना केला. मनोऱ्यावरून मनोऱ्यावर, समुद्राखालच्या तारांमधून, कुठून कुठून गेला असेल कोण जाणे. टेबलाभोवती तिघे उभे होते, एकजण अजून एका बाहीत. मग माझ्या पडद्यावर एक शब्द उमटला, जो मी जन्मात कधी लिहिला नव्हता. "पोचला."

काकू खुर्चीत बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मास्तरांनी बाईंचा कोट पुन्हा हातात घेतला, आणि या वेळी टाचणी जागच्या जागी लागली.

तासाभराने त्याच मैत्रिणीच्या नंबरावरून मापे आली. छाती, कंबर, पाठ, बाही. शेवटी एक ओळ होती. "डावा खांदा अजून थोडा खाली आहे. महिनाअखेर येते."

"मला सांगते," मास्तर म्हणाले. पण ते हसत होते.

सुई आली. टाचण्या लावलेल्या कोटात आरशासमोर उभी असताना तिने मला उचलले आणि पाठवलेल्या संदेशांची पेटी उघडली. नऊच्या नऊ उत्तरे तिने उभ्यानेच वाचली. नवव्यापाशी ती थांबली.

"बाबा, हे मला मिळालंच नाही."

"आता मिळालं ना?"

तिने कपाळ त्यांच्या छातीवर टेकले. मास्तर म्हणाले, "सावकाश, टाचण्या आहेत," पण बाजूला झाले नाहीत.

आता मास्तरांकडे सुईने पाठवलेला काचेचा फोन आहे. मी ड्रॉवरमध्ये असतो. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. पाठवले म्हणजे पोचले असे समजू नका. उत्तर आले नाही, तर माणूस रुसला असे म्हणण्याआधी वाट तुटली नाही ना, ते बघा. आणि घरातला जुना फोन भंगारात देण्याआधी एकदा चार्ज करून आत डोकावा. सुईने ती नऊ उत्तरे नव्या फोनात न्यायचा खूप खटाटोप केला, पण ती काही जाईनात. म्हणून दर रविवारी मास्तर मला बाहेर काढतात, चार्ज करतात, आणि नवा फोन खाली ठेवून माझ्यात ती वाचतात.